गवताखालच्या गांधीलमाश्या

प्रश्न : तीन एकर पडीक माळावर कमरेएवढं गवत आहे. जुन्या ट्रॅक्टरला स्लॅशर जोडून कापत होतो, तर बांधाजवळच्या बिळातून गांधीलमाश्या उठल्या. आता काय करू?

उत्तर : बिळात डिझेल ओतून काडी लावू नका, वाळल्या गवतात वणवा पेटेल. पोळं जाणत्याकडून काढून घ्या, नाहीतर तेवढा भाग यंदा सोडाच. गांधीलमाशी पुन्हा पुन्हा डसते आणि जमिनीची थरथरही तिला उठवायला पुरते. कापणीच्या आदल्या दिवशी उन्हात लांबून पाहा. माश्यांची ये-जा दिसेल त्याच्या अलीकडेच काठीला फडकं बांधा, भोवतीचं दहा-पंधरा मीटर गवत राहू द्या.

खरं तर मला तुमच्या ट्रॅक्टरची जास्त काळजी वाटते. जुन्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला तरी स्लॅशरचं फिरतं पातं पीटीओतून (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यातून) गिअरबॉक्सला ढकलतं आणि गाडी पुढेच जाते, नेमकी पोळ्यावर! पीटीओला ओव्हररनिंग क्लच बसवून घ्या, म्हणजे पात्याचा जोर उलटा गिअरबॉक्सकडे जाणार नाही. माश्या उठल्याच तर उडी मारू नका, पातं फिरतंच असतं. ट्रॅक्टर चालवत लांब जा. श्वास अडला, तोंड सुजलं किंवा डंख बरेच असले तर लगेच १०८ला फोन करा.