कोळशाची पेन्सिल आणि आपल्या माणसांचे चेहरे

आम्ही इतिहासाचे शिक्षक. कलाशिक्षकाचे पद काही वर्षे रिकामे राहिले आणि चित्रकलेचे तास आमच्या वाट्याला आले. आरंभी ते ओझेच वाटले. एके दिवशी सातवीच्या वर्गाला 'माझ्या घरचे माणूस' हा विषय दिला होता. एक मुलगी मेणखडूंची पेटी घेऊन टेबलाजवळ आली. पेटीतल्या एका खडूवर 'स्किन कलर' असे छापले होते. तो खडू फिकट गुलाबी होता. ती म्हणाली, "सर, हा लावला तर आजी आजीसारखी दिसत नाही. आणि काळा लावला तर चेहराच दिसत नाही."

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्याजवळ नव्हते. ते शोधत शोधत आम्ही कोळशाच्या पेन्सिलीपर्यंत पोहोचलो. पुढील काही वर्षांत मुलांच्या सोबतीने जे शिकलो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालकांपुढे ठेवत आहोत.

चेहऱ्यांचा इतिहास

प्रश्न केवळ रंगाचा नव्हता. आपल्या जिल्ह्यांच्या लिखित इतिहासात आपली माणसे आहेत, पण त्यांचे चेहरे फारसे नाहीत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात छायाचित्रे आहेत. परंतु त्यांतील माणसे बहुतेक ठिकाणी जातीचा वा जमातीचा नमुना म्हणून उभी आहेत, नाव-गाव असलेली व्यक्ती म्हणून नाहीत. पाहणारा दुसरा आणि पाहिला जाणारा आपला, अशी ती विभागणी होती.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होता. तो वेगळा झाला १९८२ मध्ये. दूरदूरच्या खेड्यांतून लोक बैलगाड्यांनी आणि पायी आले. त्या दिवशी आईचे बोट धरून आलेली दहा-बारा वर्षांची मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आईवडिलांचे एकही छायाचित्र अनेक घरांत नाही. जी पिढी अजून आपल्यात आहे, तिचे चेहरे तिच्या नातवंडांनी स्वतःच्या हाताने रेखाटावेत, असे आम्हांला वाटू लागले. या कामासाठी कोळशाइतके योग्य आणि स्वस्त साधन दुसरे नाही.

कोळसा कोणता?

चंद्रपूरच्या मुलाला 'कोळसा' म्हटले की घुग्घुस, माजरी, दुर्गापूरच्या खाणी आठवतात. तो दगडी कोळसा. तो कठीण व खरखरीत असतो आणि कागदाला ओरखडे पाडतो. चित्रासाठी लागतो तो लाकडी, म्हणजे लोणारी कोळसा. लाकूड उघड्यावर जाळले तर राख होते. हवा रोखून तापवले तर मागे कोळसा उरतो. माणसाच्या सर्वांत जुन्या चित्रसाधनांपैकी हे एक आहे. फ्रान्समधील शोवे गुहेत तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोळशाने काढलेले प्राणी आजही दिसतात. कोळसा मूळचा वनस्पतीचा असल्यामुळे कार्बन-१४ पद्धतीने त्याचे वय काढता येते. इतिहासाच्या शिक्षकाला याचे विशेष अप्रूप वाटते, कारण येथे चित्रच स्वतःच्या काळाची साक्ष देते.

चित्रासाठी कोळसा तीन रूपांत मिळतो. पहिले रूप काडीचे. बारीक डहाळ्या तशाच कोळशात रूपांतरित केलेल्या असतात. त्यांची रेघ हलकी असते आणि फडक्याने पुसली जाते. दुसरे रूप दाबीव कोळशाचे. कोळशाची पूड डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून तिच्या कांड्या पाडतात. त्यांची रेघ गडद असते आणि सहज पुसत नाही. तिसरे रूप पेन्सिलीचे. दाबीव कोळशाची कांडी लाकडाच्या आवरणात बसवलेली असते. त्यामुळे हात कमी बरबटतो आणि बारीक रेघ काढता येते.

नेहमीच्या शिसपेन्सिलीत ग्रॅफाइट असते. ते दाबून घासले की चकाकते आणि गडद भाग उजेडात करडा दिसू लागतो. कोळसा चकाकत नाही; त्याचा काळा काळाच राहतो. सावळ्या चेहऱ्याच्या चित्राला हाच गुण उपयोगी पडतो. एक काळजी मात्र घ्यावी. ग्रॅफाइटच्या गुळगुळीत थरावर कोळसा धरत नाही. म्हणून आराखडा शिसपेन्सिलीने न काढता कोळशानेच, अगदी हलक्या हाताने काढावा.

निवड कशी करावी?

बाजारात या पेन्सिली सॉफ्ट, मीडियम आणि हार्ड अशा तीन प्रतींत मिळतात. काही कंपन्या एचबी, २बी, ४बी, ६बी अशी खूण करतात. सॉफ्टची रेघ सर्वांत काळी, पण ती लवकर झिजते. हार्डची रेघ फिकट व बारीक. सुरकुत्या, पापण्या, कपाळावरचे गोंदण यांसाठी ती हवी. नवशिक्याने मोठी पेटी घेऊ नये. दोन सॉफ्ट, एक मीडियम आणि एक हार्ड एवढे पुष्कळ होते. घेताना पेन्सिलीच्या टोकाकडे पाहावे. कांडी लाकडाच्या बरोबर मध्यावर असली पाहिजे. ती कडेला सरकलेली असेल तर टोक करताना एका बाजूचे लाकूड संपते आणि कांडी मोडते. दुकानदाराच्या परवानगीने एक रेघ ओढून पाहावी. रेघेत खडा लागल्यासारखे वाटले तर ती पेन्सिल ठेवून द्यावी. पेन्सिल खाली पडू देऊ नये. आतली कांडी तुकडे होऊन बसते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

ज्या मुलाला तेवढेही परवडत नाही, त्याने घरीच काड्या कराव्यात. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर तूर असतेच. तिच्या वाळलेल्या, बोटाहून बारीक तुऱ्हाट्या साल काढून टिनाच्या डब्यात गच्च भराव्यात. झाकणाला खिळ्याने एक बारीक छिद्र पाडून डबा चुलीच्या निखाऱ्यांत ठेवावा. हे काम घरातल्या मोठ्या माणसासमोरच करावे. छिद्रातून येणारा धूर थांबला की डबा बाहेर काढावा आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये. गरम असताना हवा लागली तर आतल्या काड्या पेट घेतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार लाकडी कोळसा वनोपजात मोडतो. म्हणून यासाठी जंगलाला हात लावू नये. शेतातली तुऱ्हाटी पुरेशी आहे.

कागद गुळगुळीत नको. चकचकीत चार्ट पेपरवर कोळसा घसरतो. बोट फिरवल्यावर किंचित खरखर जाणवेल असा जाड कार्ट्रिज कागद उत्तम. सरावासाठी पुस्तकांना घालतो तो खाकी कागदही चालतो. त्याची एक बाजू चकचकीत व दुसरी खरबरीत असते, ती खरबरीत बाजू वापरावी. खाकी रंगाचा आणखी एक लाभ आहे, तो पुढे येईल.

हाताला वळण

कोळशाच्या पेन्सिलीला शार्पनर लावू नये. त्याच्या पिळाने कांडी मोडते. ब्लेडने लाकूड हळूहळू तासून सुमारे एक सेंटिमीटर कांडी उघडी करावी आणि पॉलिश पेपरवर घासून टोक काढावे. खाली पडलेली पूड टाकू नये; कापडाच्या चिंधीने ती मोठ्या भागावर फिरवता येते. कागद फळीवर चिमट्यांनी लावून फळी शक्य तितकी उभी धरावी, म्हणजे भुकटी चित्रावर न साचता खाली पडते. ती फुंकू नये. नाकात जाते आणि थुंकीचे डाग पडतात. पेन्सिल लिहिताना धरतो तशी न धरता थोडी मागे, आडवी धरावी आणि रेघ मनगटाऐवजी खांद्यातून ओढावी. हात कागदावर टेकवायचाच असेल तर खाली कोरा कागद ठेवावा.

पहिला पाठ चेहऱ्याचा नसतो. सात चौकोनांची एक पट्टी आखावी. पहिला चौकोन कोरा, सातवा जास्तीत जास्त काळा आणि मधले पाच क्रमाने गडद होत जाणारे. मुले पहिल्या प्रयत्नात तिसऱ्या चौकोनातच काळी होऊन बसतात आणि पुढे जायला जागा उरत नाही. हा संयम आला की माठ, गडू, कंदील अशा वस्तू खिडकीजवळ ठेवून काढाव्यात. सहलीत मुलांना भद्रावतीच्या विजासन टेकडीवरील लेण्यांत न्यावे. बोगद्यासारखे लेणे टेकडीत सरळ आत जाते आणि टोकाशी अंधारात बुद्धमूर्ती आहे. दारातून येणारा उजेड आत कसा विरत जातो, हे तिथे अर्धा तास बसून पाहिलेल्या मुलाला सात चौकोनांचा अर्थ पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

सावळा चेहरा

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. काळा लावल्यावर चेहरा दिसेनासा झाला, कारण तिने संपूर्ण चेहरा एकाच काळ्याने भरला होता. सावळी त्वचा एकसारखी गडद नसते. उलट, तिच्यावर उजेड अधिक ठसठशीत उमटतो. म्हातारीला खिडकीपाशी एका बाजूने उजेड येईल असे बसवावे आणि डोळे किलकिले करून पाहावे. कपाळाचा उंचवटा, नाकाचा शेंडा, गालाचे हाड आणि खालचा ओठ हे भाग उजळ दिसतील. ते कागदावर आधी राखून ठेवावेत. उरलेला चेहरा मीडियमने, पट्टीतल्या तिसऱ्या ते पाचव्या चौकोनापर्यंत न्यावा. सॉफ्ट पेन्सिल शेवटी घ्यावी आणि फक्त बुबुळे, नाकपुड्या, ओठांची मधली रेघ व पदराखालची सावली एवढ्यापुरती. हनुवटीखाली पांढऱ्या लुगड्याचा उजेड परतून पडलेला असतो; तो दिसला की जबडा गोल होतो. पांढरे केस रेघांनी काढू नयेत. मागची भिंत गडद केली की ते आपोआप उमटतात.

चुकून गडद झालेला भाग नेहमीच्या रबराने घासू नये. कणकेसारखे मळता येणारे 'नीडेबल इरेझर' त्या जागी दाबून उचलावे; कोळसा त्याला चिकटून वर येतो. बोटाने पसरवण्याचा मोह आवरावा, कारण बोटाचा तेलकटपणा कागदावर कायमचा डाग पाडतो. कागदाची घट्ट सुरळी किंवा चिंधी बरी. खाकी कागदावर काढत असल्यास कागदाचा मूळ रंगच त्वचेचा मधला उजेड होतो. मग काळी पेन्सिल सावलीपुरती आणि पांढरी पेन्सिल कपाळावरच्या दोन-चार ठिकाणांपुरती लागते. काळा व पांढरा एकमेकांत मिसळू देऊ नये. चेहरा राखेसारखा होतो.

जर्मन चित्रकर्ती केथे कोल्विट्झ (१८६७-१९४५) यांनी कष्टकरी स्त्रिया, मृत्यूने ग्रासलेल्या माता आणि स्वतःचा म्हातारा होत जाणारा चेहरा कोळशाने रेखाटला. त्यांच्या चित्रांत काळा रंग कुरूपतेचा नाही. तो माणसाच्या भोगलेल्या आयुष्याचा आहे. बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात चित्रकलेचे धडे घेतले, ही गोष्टही आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. एवढ्या व्यापात असलेल्या माणसाला पाहायला शिकावेसे वाटले.

जतन

येथे आमची एक चूक नोंदवणे भाग आहे. पहिल्या वर्षीची सर्व चित्रे आम्ही एकावर एक रचून लोखंडी पेटीत ठेवली. ती पक्की करायची असतात, हे ठाऊक नव्हते. पावसाळ्यानंतर पेटी उघडली, तेव्हा प्रत्येक चेहरा वरच्या कागदाच्या पाठीवर उमटला होता आणि मूळ जागी करडा डाग उरला होता. त्या मुलीच्या आजीचे चित्रही त्यात होते. आजी त्याच पावसाळ्यात गेली होती. १९५६ साली ती चांद्याला गेली होती, आणि तिचे दुसरे चित्र वा छायाचित्र घरात नव्हते.

म्हणून चित्र झाले की त्याच दिवशी त्यावर फिक्सेटिव्ह फवारावे. बाटली एक फूट दूर धरून, उघड्या हवेत, नाकाला रुमाल बांधून दोन-तीन हलके थर द्यावेत. एकच ओला थर दिला तर कोळसा वाहतो. जुनी पद्धत स्पिरिटात विरघळवलेल्या पातळ चपड्याची. चपडा म्हणजे लाख, आपल्याकडच्या पळस-कुसुमावर होणारी. काळानुसार तो थोडा पिवळा पडतो, पण चेहरा टिकवतो. स्पिरिट पेट घेते, म्हणून हे कामही मोठ्यांनीच आणि चुलीपासून दूर करावे. दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालावा, वर्तमानपत्र नको. चौकट करताना काच चित्राला टेकू देऊ नये.

शासकीय रेखाकला परीक्षेच्या गुणांसाठी आपली अनेक मुले चित्रकला शिकतात आणि दहावीनंतर सोडून देतात. त्यांना आणि त्यांच्या पालकांना आमची एवढीच विनंती आहे. येत्या दिवाळीच्या सुटीत घरातल्या सर्वांत वृद्ध माणसासमोर एक तास बसा. काढता काढता त्यांना बोलू द्या. चित्राखाली त्यांचे पूर्ण नाव, गाव, वय आणि तारीख लिहा. त्याखाली स्वतःचे नाव लिहा. नाव नसलेला चेहरा पुन्हा नमुनाच ठरतो.

ती मुलगी पुढे इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण झाली. तिने आजी आठवणीतून पुन्हा काढली आहे. कपाळावरचे गोंदण हार्ड पेन्सिलीने काढले आहे, आणि चित्र पक्के केलेले आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.