दोन पेशींची भेट

शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपण घरी रोज पाहतो. त्यासाठी सारा भात चिवडावा लागत नाही. एक शीत बोटांनी दाबून पाहिले म्हणजे पुरते. अशीच एक परीक्षा आपल्या शरीरात रात्रंदिवस चाललेली असते. मात्र ती चुकली, तर केवळ भात कच्चा राहून भागत नाही. प्रसंग प्राणावर बेततो.

ही परीक्षा घेणारे परीक्षक म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी होत. त्यांचा जन्म हाडांतील मगजात होतो, परंतु शिक्षण होते ते छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत. थायमस या शब्दाच्या रोमन लिपीतील पहिल्या अक्षरावरूनच त्यांना हे नाव मिळाले. पुष्कळ काळ ही ग्रंथी निरुपयोगी समजली जात असे. १९६१ साली जॅक मिलर यांनी दाखवून दिले, की नुकत्याच जन्मलेल्या उंदराची थायमस ग्रंथी काढून टाकली, तर त्याची रोगांशी झुंजण्याची शक्तीच नाहीशी होते.

टी-पेशींपुढील कार्य मोठे बिकट आहे. विषाणू हा उघड्यावर राहणारा शत्रू नव्हे. तो आपल्याच पेशीत शिरतो आणि तिच्याच साधनांनी आपली संतती वाढवितो. बाहेरून पाहावे, तर ती पेशी शेजारणींसारखीच दिसते. मग घरात चोर शिरला आहे, हे पहारेकऱ्याने ओळखावे कसे?

निसर्गाने यावर एक युक्ती योजिली आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते आणि ते एका खास रेणूच्या तबकात ठेवून आपल्या पृष्ठभागावर मांडते. पेशीत विषाणू असेल, तर त्याच्या प्रथिनांचे तुकडेही त्या तबकांत येतात. टी-पेशी जवळ येते, तबके चाचपते आणि त्या एका शितावरून आतल्या भाताची पारख करते. टी-पेशीला नुसता परका तुकडा ओळखता येत नाही. तो आपल्याच शरीराच्या तबकात असावा लागतो. हा शोध पीटर डोहर्टी व रॉल्फ झिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे लावला आणि १९७४ साली प्रसिद्ध केला. त्याबद्दल १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तबकात काही वावगे न आढळल्यास टी-पेशी पुढे निघून जाते. परका तुकडा आढळला, की मात्र ती थबकते. गोल असलेली तिची कड पसरते आणि ती समोरच्या पेशीला बिलगते. या स्पर्शस्थानी रेणूंची जी मांडणी होते, तिची सुरेख चित्रे अब्राहम कुप्फर व त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली, तसेच मायकेल डस्टिन व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली प्रसिद्ध केली. त्यांत नेमबाजीच्या लक्ष्यासारखी वर्तुळे दिसतात. मधोमध तुकडा ओळखणारे रेणू, त्यांच्याभोवती दोन्ही पेशींना घट्ट धरून ठेवणाऱ्या रेणूंचे कडे, आणि आकाराने मोठे असलेले काही रेणू बाहेरच्या बाजूस सारलेले!

या स्पर्शस्थानाला शास्त्रज्ञ ‘इम्यूनॉलॉजिकल सिनॅप्स’ म्हणतात. सिनॅप्स हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ जोडणे असा आहे. आपण त्यास ‘प्रतिकारसंधी’ म्हणू या. व्याकरणातील संधीत दोन वर्ण एकमेकांत मिसळतात. या संधीत मात्र दोन पेशी भेटतात, पण एकरूप होत नाहीत.

भेटीनंतर काय घडते? टी-पेशी मारेकरी जातीची असेल, तर तिच्यातील विषारी कणांच्या पिशव्या संधीकडे सरकतात आणि नेमक्या त्या चिंचोळ्या फटीत रित्या होतात. त्यांतील परफोरिन हे प्रथिन समोरच्या पेशीच्या पटलाला छिद्रे पाडते आणि ग्रँझाइम नावाची प्रथिने आत शिरून तिला स्वतःचाच नाश करावयास लावतात. शेजारच्या निरोगी पेशींना सहसा धक्का लागत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते असे आपण म्हणतो. येथे तसे होऊ न देण्याची दक्षता घेतलेली असते. काम उरकताच टी-पेशी पकड सोडते आणि दुसऱ्या सावजाच्या शोधास लागते.

ही पकड सोडणे किती महत्त्वाचे आहे, हे एका दुर्मिळ आजारावरून कळते. काही बालकांत जन्मतःच परफोरिन सदोष असते. त्यांच्या टी-पेशी शत्रूला ओळखतात, बिलगतात, पण घाव वर्मी लागत नाही. शत्रू मरत नाही, म्हणून पकडही लवकर सुटत नाही. टी-पेशी मदतीसाठी रासायनिक हाका देतच राहतात. त्या हाकांनी इतर पेशी खवळतात, ताप हटत नाही, प्लीहा वाढते, आणि वेळीच उपचार न झाल्यास बालक दगावते. रक्षणासाठी उठलेली शक्तीच अशा वेळी घातक ठरते.

कर्करोगाच्या पेशी तर मुळात आपल्याच. म्हणून त्या अनेकदा या परीक्षेतून निसटतात. यावर शास्त्रज्ञांनी उपाय काढला. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढावयाच्या, त्यांना शत्रू ओळखणारा नवा रेणू जोडावयाचा आणि त्या पुन्हा शरीरात सोडावयाच्या. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून घडलेल्या अशा उपचारास रक्ताच्या काही कर्करोगांसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तो सर्वच रुग्णांना गुण देतो असे नाही. पण जेथे इतर उपाय थकले, तेथे त्याने आशेचे दार उघडले आहे.

जवळ जाऊन पारख करावी, खात्री पटल्यावाचून घाव घालू नये, आणि काम संपताच हात मागे घ्यावा, हा टी-पेशीचा शिरस्ता आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्याही नसलेल्या या पहारेकऱ्यांच्या विवेकावर आपले आरोग्य उभे आहे.

स्वाध्याय

१. विषाणू शिरलेली पेशी टी-पेशी कशी ओळखते?
२. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण पाठात कोणत्या संदर्भात आली आहे?
३. ‘रक्षणासाठी उठलेली शक्तीच घातक ठरते’, असे लेखकाने का म्हटले आहे?