छळ ड्युटी लिस्टमधून येतो

अंधेरी ते बोरिवली पट्ट्यातल्या नर्सिंग होममध्ये मी स्टाफ नर्स म्हणून सुरुवात केली, पुढे एका मोठ्या रुग्णालयात इनचार्ज झाले. त्या काळात जे पाहिलं, त्यातलं नव्या मुलींच्या उपयोगाचं तेवढं इथे लिहिते.

१. ओरडणारी सिनियर सगळ्यांना दिसते, तिची भीती त्या मानाने कमी. खरी भीती शांतपणे ड्युटी लिस्ट लिहिणारीची. नालासोपाऱ्याहून येणाऱ्या मुलीला इव्हिनिंगच्या पाठोपाठ मॉर्निंग लावायची. रात्री साडेनऊला हँडओव्हर देऊन तिने विरार गाडी पकडायची, घरी जाऊन जेवेपर्यंत बारा वाजतात आणि पहाटे पाचला ती पुन्हा स्टेशनवर. नाइट उतरते त्या दिवसालाच तिचा ऑफ धरायचा. गणपतीत रजा नाही, भाऊबीजेलाही नाही. ज्या वॉर्डात तिने कधी काम केलेलं नाही तिथे तिला एकटीला पाठवायचं आणि राउंडला सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचे. कागदावर सगळं नियमात बसतं. विचारायला गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘आम्ही पण असंच केलंय.’ म्हणून लिस्ट लागली की तिचा फोटो काढून ठेवा. एका महिन्याच्या लिस्टवरून काही सिद्ध होत नाही. तीन-चार महिन्यांच्या शेजारी शेजारी ठेवल्या की एकच नाव डोळ्यांत भरतं, आणि मग मेट्रनला तोंडी नाही, कागद दाखवून बोलता येतं.

२. घाबरलेली मुलगी प्रश्न विचारत नाही, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो. १०० युनिटचं इन्सुलिन चुकून ४० युनिटच्या सिरिंजमध्ये भरलं तर खुणेप्रमाणे दिलेला डोस अडीचपट होतो. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण रात्री दोन वाजता शंका आली तर सिनियरला उठवायची हिंमत लागते, आणि मागच्या वेळी ‘एवढंही येत नाही?’ ऐकलेलं असलं की मुलगी अंदाजाने भरते. ‘कडक’ इनचार्जचं कौतुक करणाऱ्या व्यवस्थापनाला हा हिशेब कुणी दाखवत नाही.

३. जात आणि भाषा पॅन्ट्रीतल्या गप्पांतून वॉर्डात येतात. ‘कोट्यातून आलीस का?’ हा प्रश्न हसत हसत विचारला जातो. दोघी आपल्या भाषेत हँडओव्हर उरकतात आणि तिसरीला अर्धंच कळतं. नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या जळगावच्या डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला गेल्या. त्या आदिवासी तडवी समाजाच्या. तीन वरिष्ठ निवासी डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आणि आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. आरोपांचा निवाडा न्यायालय करेल. मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही: आपण आधीच तक्रार केली होती, असं त्यांच्या आई आबेदा तडवी सांगत आल्या. पुढे हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेला विद्यार्थी रोहित वेमुला याच्या आई राधिका यांच्यासह त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथवर जायची वेळ यायला नको होती.

४. कायदा कुठे संपतो ते माहीत असू द्या. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर. निवासी डॉक्टर आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी त्यात येतात. जीएनएम पास होऊन तुम्ही स्टाफ झालात की तो कायदा मागे राहतो. लैंगिक छळ असेल तर २०१३ चा कायदा आहे, जातीवरून असेल तर ॲट्रॉसिटी. पेशंटच्या नातेवाइकाने हात उगारला तर २०१० चा कायदा आहे, आणि त्याचा बोर्ड कॅज्युअल्टीच्या भिंतीवर असतो. पण नुसतं रोज अपमान करणाऱ्या सिनियरसाठी सरळ लागू होईल असं कलम खासगी नर्सिंग होममधल्या सिस्टरच्या हातात नाही. म्हणून तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहिलेला अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज ईमेलने पाठवा.

५. सगळं पाहिलेलं असतं ते वॉर्डातल्या मावशींनी आणि मामांनी. त्यांना साक्षीला ओढू नका. ते ठेकेदाराकडे असतात, उद्या त्यांचीच नोकरी जाते.

६. इनचार्जांनो, लिस्ट महिना सुरू व्हायच्या आठवडाभर आधी लावा आणि बदल केला तर कारण लिहा. याला एक पैसाही लागत नाही.

७. आणि पेशंटच्या नातेवाइकांना एक विनंती. तुमच्या खाटेशेजारी नव्या सिस्टरला कुणी झापताना दिसलं तर डिस्चार्जच्या वेळी मिळणाऱ्या अभिप्रायाच्या फॉर्मवर तेवढी एक ओळ लिहा. आमच्या अर्जापेक्षा तुमचा फॉर्म लवकर वाचला जातो.