चित्रापुढे थांबलो तेव्हा

मुरबाडला आगगाडी नाही. तेथील मुलांनी पहाटेची एस. टी. धरून कल्याण गाठले, आणि आम्ही शहापूरकर आसनगावहून लोकलने येऊन त्यांना मिळालो. अशी दोन्ही तालुक्यांतील वीस-बावीस मुले घेऊन आम्ही दोघे शिक्षक मुंबईचे जहांगीर कलादालन पाहावयास निघालो. हे कलादालन 1952 साली सुरू झाले. तेथे चित्रे पाहण्यास पैसे पडत नाहीत. तरीही आत पाऊल टाकताना मुले बिचकली. गुळगुळीत फरशी पाहून दोघा-तिघांनी तर चपला दाराशीच काढून ठेवल्या.

समोरच एक भले मोठे चित्र होते. मध्ये निळा पट्टा आणि त्याभोवती तांबूस-तपकिरी रेघा, एकीबाहेर एक. ना झाड, ना माणूस. मुले माझ्या तोंडाकडे पाहू लागली. ‘मला हे कळत नाही’ असे म्हणणे शिक्षकाला किती जड जाते, ते त्या क्षणी मला समजले. मी पुढच्या चित्राकडे वळणार, तोच मागून एक मुलगी हळूच म्हणाली, “गुरुजी, तानसा!”

उन्हाळ्यात तानसा तलावाचे पाणी उतरू लागले, की काठावर मातीच्या रेघा उमटत जातात. शहापूर तालुक्यातील हे धरण 1892 मध्ये पुरे झाले आणि त्याचे पाणी मुंबई पिते. ती मुलगी त्या काठचीच; गुरांमागून रोज तिकडे जाणारी.

चित्र काढणाऱ्या बाई जवळच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी तानसा पाहिलेला नाही. आमच्या गावची विहीर उन्हाळ्यात आटत असे, ती माझ्या मनात होती. पण तुला तलाव दिसला ना? मग तोही तेथे आहे.” रंग किती वेळा लावला आणि किती वेळा खरवडून काढला, तेही त्यांनी सांगितले. मुरबाडच्या एका मुलाने विचारले, “चित्र चुकले, हे तुम्हांला कसे कळते?” बाई हसल्या. “चुकलेल्या चित्राकडे पाठ करून मी जेवावयास बसते,” त्या म्हणाल्या. या उत्तराने मुलांची भीड मोडली. मग प्रश्न थांबेनात!

परतताना गाडीत मी मुलांना जिव्या सोमा मशे यांची हकीकत सांगितली. त्यांचा जन्म 1934 चा. डहाणू तालुक्यातील गंजाड हे त्यांचे गाव. हा भाग 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. आईच्या मृत्यूनंतर हा मुलगा कित्येक दिवस कोणाशी बोलेना. धुळीत चित्रे काढून तो मनातले सांगे, असे म्हणतात. वारली समाजात लग्नाचा चौक भिंतीवर लिहावयाचा तो सवाशिणींनी, तांदळाच्या पिठाने. पुरुषाचे ते काम नव्हे. जिव्या मात्र लग्न नसतानाही चित्रे काढू लागले. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी ती पाहिली आणि 1975 साली जहांगीरच्याच इमारतीतील केमोल्ड या दालनात त्यांचे प्रदर्शन भरले. 2011 मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. 2018 मध्ये ते वारले.

हे सांगता सांगता मी थबकलो. लहानपणी शेजारच्या पाड्यावर मी असा चौक पाहिला होता. पुढे ती भिंत सारवली गेली, तेव्हा मला काहीच वाटले नाही. तो लिहिणाऱ्या म्हातारीचे नावसुद्धा मी विचारले नव्हते. मशे यांचे नाव जगाला ठाऊक झाले. पण ज्यांच्या हातची ही विद्या, त्या बायकांची नावे कोणत्या फलकावर आहेत?

कल्याणला मुरबाडची मुले उतरली. डबा रिकामा झाला तेव्हा कोपऱ्यात बसलेला एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, माझी आजी लिहिते चौक.”

“ती काय लिहिते, हे तिला कधी विचारलेस?”

त्याने मान हलवली.

सोमवारी तो शाळेत आला तो थेट माझ्याकडेच. “विचारले,” तो म्हणाला. “आजी म्हणाली, आधी तांदूळ वाटायला बस, मग सांगते.”