दुबई-शारजाला जाण्यापूर्वी : चंद्रपूर-गडचिरोलीच्या व्यापारी व कारागीर बंधूंसाठी

आपल्या भागातील माणूस हज-उमराहच्या निमित्ताने सौदी अरेबियाला जातोच. परंतु व्यापाराची पाहणी करण्यासाठी किंवा कामाच्या शोधात जाणारे बंधू पुष्कळदा संयुक्त अरब अमिरातीचा, म्हणजेच दुबई-शारजाचा रस्ता धरतात. सात अमिरातींचा हा वाळवंटी देश आपल्याला अगदी परका नाही. एके काळी तेथील बाजारात भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटाही काढल्या होत्या. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर तेथील अमिरातींनी तो सोडला. १९७१ साली स्वतंत्र देश झाला आणि आज त्याचे चलन दिरहम आहे.

ओळख जुनी असली तरी कायदे मात्र तेथलेच पाळावे लागतात. बल्लारपूरचा सुतार, मूलचा तांदळाचा व्यापारी, वडश्याचा बांबू-वस्तू विकणारा किंवा सिरोंच्याचा वेल्डर यांनी घरून निघण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पक्क्या कराव्यात, याची माहिती येथे देत आहोत.

१. आधी हेतू ठरवा

आपण पाहायला चाललो आहोत, माल विकायला चाललो आहोत की नोकरी करायला? या एका प्रश्नावर पुढची सर्व कागदपत्रे अवलंबून आहेत. भेटीच्या व्हिसावर बाजार पाहता येतो, व्यापाऱ्यांना भेटता येते, प्रदर्शन पाहता येते. त्या व्हिसावर मजुरी किंवा नोकरी करता येत नाही.

समजा, बल्लारपूरच्या एका फर्निचर कारागिराला एजंट सांगतो, "अभी व्हिजिट पर जाओ, वहाँ जाकर काम का व्हिसा बन जाएगा." कारागीर लाखभर रुपये देतो आणि जातो. तेथे महिना-दोन महिने काम करतो. मालक पगार देत नाही. तक्रार करायला गेला तर पहिला प्रश्न येतो की, परवाना कोठे आहे? परवाना नाही, म्हणजे तो स्वतःच गुन्ह्यात अडकतो. व्हिसाची मुदत संपल्यावर दररोज ५० दिरहम दंड चढतो. वीस दिवस जास्त राहिल्यास १,००० दिरहम झाले. घर गहाण ठेवून गेलेला माणूस कर्ज वाढवून परत येतो. परवान्याशिवाय कामगार ठेवणाऱ्या मालकालाही २०२४ च्या दुरुस्तीनंतर किमान एक लाख दिरहम दंड आहे. म्हणून असा मालक धाड पडताच कामगाराला ओळखतसुद्धा नाही.

नोकरीसाठीच जायचे असेल तर भारत सरकारच्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या एजंटामार्फतच जावे. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. सेवाशुल्क म्हणून त्याला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक घेता येत नाही. पैसे दिल्याची पावती घ्यावी. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणतः 'ईसीआर' असा शेरा असतो. अशांना अमिरातीत नोकरीला जाताना उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागते. याच वेळी प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत १० लाखांचा विमा मिळतो. ज्याने मंजुरीच टाळली, त्याने हा विमाही गमावला.

नोकरीचा प्रस्ताव अमिरातीच्या कामगार मंत्रालयाच्या ठराविक नमुन्यात असतो. त्यात अरबी व इंग्रजीबरोबर कामगाराला समजणारी तिसरी भाषाही घेता येते. हिंदी किंवा उर्दू प्रत मागा, पगाराचा आकडा वाचा आणि मगच सही करा.

२. पासपोर्ट व व्हिसा

चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. आधार, शाळेचा दाखला व पासपोर्ट यांवर नावाचे स्पेलिंग एकच असावे. आपल्याकडे 'शेख', 'मोहम्मद', 'अब्दुल' ही नावे प्रत्येक कागदावर वेगळी लिहिलेली असतात आणि त्यातून पुढे अडचण येते. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असली पाहिजे.

भेटीचा व्हिसा सामान्यतः ३० किंवा ६० दिवसांचा मिळतो. परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण किंवा ज्याच्याकडे उतरणार त्या नातलगाचा पत्ता व ओळखपत्राची प्रत आणि खर्चाला पुरेसे पैसे असल्याचा पुरावा जवळ ठेवावा. विमान कंपनी हे कागद नागपूर किंवा मुंबईच्या खिडकीवरच मागू शकते. मुक्काम वाढवायचा असेल तर मुदत संपण्यापूर्वीच अर्ज करावा.

३. रस्ता व हवामान

चंद्रपूर व गडचिरोलीहून नागपूर सुमारे दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर आहे. नागपूरहून शारजा व दोहा या मार्गांवर थेट विमानसेवा चालत आली आहे, मात्र उड्डाणाचे दिवस बदलतात, तेव्हा चौकशी करूनच तिकीट काढावे. सिरोंच्याकडील बंधूंना नागपूरपेक्षा हैदराबाद सोयीचे पडते. अमिरातीचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते.

आपण म्हणाल, ४६-४७ अंशांचे ऊन आम्हाला नवे नाही. खरे आहे. पण चंद्रपूर-ब्रह्मपुरीचे ऊन कोरडे असते. दुबई-शारजा समुद्रकाठी आहे, तेथे जुलै-ऑगस्टमध्ये उष्म्याबरोबर दमटपणाही असतो. घाम वाळत नाही आणि माणूस लवकर थकतो. १५ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उघड्यावर काम करून घेण्यास तेथे कायद्यानेच बंदी आहे, यावरून काय ते समजावे. बाजारात पायी फिरण्यासाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम.

४. बॅगेत काय नसावे

याकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे जे किराणा दुकानात मिळते, ते तेथे तुरुंगात पाठवू शकते.

खसखस : अमिरातीत खसखस हा अमली पदार्थांच्या यादीतील जिन्नस आहे. नुसती पुडीच नव्हे, तर घरच्या सावजी मसाल्यात कुटलेली खसखसही चालत नाही. नातलगासाठी मसाला न्यायचा असेल तर खसखस न घातलेला न्या, किंवा नेऊच नका.

पान, गुटखा, खर्रा : विदर्भातील माणसाच्या खिशात खर्र्याची पुडी सहज राहून जाते. घरून निघताना सर्व खिसे आणि बॅगेचे कप्पे तपासा.

औषधे : कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि झोपेची औषधे यांवर कडक नियंत्रण आहे. अशी औषधे लागत असतील तर आधी तेथील सरकारी आरोग्य विभागाची ऑनलाइन परवानगी घ्यावी. साखर-रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवाव्यात.

तावीज-गंडे : जादूटोण्याशी संबंधित समजल्या जाणाऱ्या वस्तू आणणे तेथे गुन्हा आहे. कोणाला वाटण्यासाठी अशा वस्तू नेऊ नयेत.

जंगलातील वस्तू : आपण वनपट्ट्यात राहतो. हरणाचे शिंग, नखे, कातडे किंवा मोरपिसांची वस्तू भेट म्हणून नेण्याचा मोह होतो. वन्यप्राण्यांच्या अवयवांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि मोरपिसे परदेशी नेण्यासही मनाई आहे. विमान सुटण्यापूर्वीच अडकाल.

दुसऱ्याचे पार्सल : "माझ्या भावाला एवढा डबा द्या," असे म्हणणारा विमानतळावर भेटतो किंवा शेजारीच असतो. अमानत पोहोचवणे चांगलेच, पण आत काय आहे हे स्वतः उघडून पाहिल्याशिवाय डबा घेऊ नये. बॅग ज्याच्या हातात, गुन्हा त्याच्या नावावर.

५. नमुने व माल

बांबूच्या टोपल्या, दिवे, सागवानी कोरीवकाम, मध, तांदूळ हा आपल्या भागाचा माल. नमुने थोडेच न्यावेत आणि 'नमुना, विक्रीसाठी नाही' असा शेरा असलेले बिल सोबत ठेवावे. व्यापारी प्रमाणात माल पाठवायचा तर आयात-निर्यात कोड लागतो. तो आपल्या पॅन क्रमांकावर ५०० रुपये शुल्कात ऑनलाइन मिळतो.

बांबू किंवा लाकूड कोठून आले, याचा कागद हवा. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढवलेला बांबू वन कायद्यातील 'झाड' या व्याख्येतून निघाला. जंगलातील बांबूसाठी मात्र वाहतूक पास लागतो. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेला सामूहिक वनहक्कातील बांबू विकण्यासाठी २०११ साली वाहतूक पासचे पुस्तक मिळाले. अशा ग्रामसभेकडून घेतलेल्या मालाची पावती जपून ठेवली तर माल कोठला, हे निर्यातीच्या वेळी दाखवता येते. लाकूड-बांबूच्या मालाला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र व लाकडी खोक्याला उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो.

तांदळाचे उदाहरण पाहा. नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला एचएमटी तांदूळ सर्वत्र नावाजला. परंतु जुलै २०२३ मध्ये सरकारने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली व ती सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. मधल्या काळात ज्याने दुबईत भाव ठरवून शब्द दिला असेल, त्याचे काय झाले असेल? म्हणून सौदा करण्यापूर्वी त्या मालाचे निर्यात धोरण पाहावे.

१ मे २०२२ पासून भारत-अमिरात व्यापार करार लागू आहे. तेथे सर्वसाधारण आयात शुल्क ५ टक्के असते. मालासोबत भारतीय मूळ प्रमाणपत्र जोडल्यास बहुतेक भारतीय मालाला सवलत मिळते. हे प्रमाणपत्र ग्राहकाच्या फायद्याचे असल्यामुळे भाव ठरवताना त्याचा उल्लेख जरूर करावा.

६. पैसा

दिरहम अमेरिकन डॉलरशी बांधलेला आहे : एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. परकीय चलन अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे व बिल ठेवावे. नोटांच्या रूपात एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, बाकी रक्कम कार्डावर घ्यावी. भारतीय रुपये २५,००० पर्यंत नेता येतात. अमिरातीत ६०,००० दिरहमपेक्षा जास्त रोकड, किंवा तेवढ्या किमतीचे दागिने नेले तर ते जाहीर करावे लागते.

सोन्याबद्दल गैरसमज फार आहे. परत येताना दागिन्यांवरील शुल्कमाफी (पुरुषास २० ग्रॅम, स्त्रीस ४० ग्रॅम) एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांसाठीच आहे. पंधरा दिवस फिरून येणाऱ्यास ती मिळत नाही. "हे कडे घालून जा, नागपुरात आमचा माणूस घेईल," असे कोणी म्हटले तर सरळ नकार द्यावा.

७. बाजारातील रीत

दुबईच्या खाडीच्या एका बाजूला देरा आणि दुसऱ्या बाजूला बर दुबई आहे. मसाले व धान्याची घाऊक पेठ देराच्या अल रास भागात, कापड मुर्शिद बाजार व बर दुबईत मिळते. खाडी ओलांडायला 'अब्रा' नावाची नाव आहे, भाडे एक दिरहम. मेट्रो २००९ पासून चालू आहे. शारजात उतरून दुबईत रोज ये-जा करणार असाल तर सकाळ-संध्याकाळची वाहनांची कोंडी हिशेबात धरा.

२०२२ पासून सरकारी सुटी शनिवार-रविवार असते व शुक्रवारी अर्धा दिवस काम चालते. शारजात मात्र शुक्रवार ते रविवार सुटी असते. जुन्या बाजारातील अनेक दुकाने दुपारी बंद राहून संध्याकाळी उघडतात. भेटीची वेळ सकाळी किंवा संध्याकाळी घ्यावी. बोलण्यापुरते हिंदी-उर्दूवर काम भागते, कागद मात्र अरबी किंवा इंग्रजीत असतो. न समजलेल्या कागदावर सही करू नये.

उधारीबाबत सावध राहावे. नवीन ओळखीची कंपनी मोठी ऑर्डर देते, पहिला छोटा व्यवहार रोखीने करते, दुसरा मोठा माल पुढच्या तारखेच्या चेकवर उचलते आणि मग कार्यालयाला कुलूप दिसते. ही फसवणूक जुनी आहे. कंपनीचा व्यापार परवाना त्या अमिरातीच्या अर्थविभागाकडे तपासा. पहिले काही व्यवहार आगाऊ रक्कम किंवा बँकेच्या पतपत्रावर करा. १९५७ साली स्थापन झालेल्या निर्यात पत हमी महामंडळाचा विमाही घेता येतो.

८. वागणूक व कायदा

मशीद-मदरशासाठी परवान्याशिवाय चंदा गोळा करणे तेथे गुन्हा आहे. पावतीपुस्तक घेऊन जाऊ नये, फोनवर आवाहनही करू नये. व्हॉट्सॲपवर शिवीगाळ केली तरी खटला होतो. अनोळखी स्त्रियांचे, पोलिसांचे व सरकारी इमारतींचे फोटो काढू नयेत. पासपोर्ट कोणाकडेही ठेवायला देऊ नये. मालकालाही कामगाराचा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवून घेता येत नाही.

पोलिसांसाठी ९९९ व रुग्णवाहिकेसाठी ९९८ हे क्रमांक आहेत. अडचणीत असलेल्या भारतीयांसाठी मदत केंद्राचा विनाशुल्क क्रमांक ८०० ४६३४२ आहे. वकिलात अबू धाबीत व वाणिज्य दूतावास दुबईत आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री एवढे करा : पासपोर्ट, व्हिसा, परतीचे तिकीट, मुक्कामाचा पत्ता, नमुन्यांची बिले व औषधाची चिठ्ठी यांच्या दोन-दोन प्रती काढा. एक प्रत घरी ठेवा, एक वेगळ्या बॅगेत. बॅग स्वतःच्या हाताने भरा. घरच्या माणसाला परतीची तारीख लिहून द्या. पहिल्या फेरीत सौदा झाला नाही तरी बिघडत नाही. बाजार पाहून, भाव टिपून आणि दोन भरवशाची माणसे जोडून कर्जाशिवाय घरी आलात, तर ती फेरी फायद्याचीच समजावी.