जुनी बॅटरी, तुटकी केबल आणि आपले कर्तव्य



ऊसबिलाचा हप्ता हाती आला की घरात एखादी नवी वस्तू येते. कुणी टी.व्ही. घेतो, कुणी फ्रीज, कुणी विहिरीवरची केबल बदलतो. नव्या वस्तूची पूजा होते, पण जुनी जाते कुठे? ती गोठ्यामागे पडते, नाहीतर बांधावर. या जुन्या विजेच्या सामानाविषयी आज थोडी माहिती घेऊ.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवर घडलेली गोष्ट. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी फुटून गोठ्यामागे पडली होती. मोकळी सुटलेली कालवड तिथे दोन-तीन दिवस चाटत होती. मग तिने चारा सोडला, दात खाऊ लागली, भिंतीला डोके लावून उभी राहू लागली. डोळे उघडे, पण दिसेना. डॉक्टर आले, त्यांनी आधी आसपास पाहिले आणि बॅटरीकडे बोट दाखवले. कालवड वाचली नाही. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. शिशाच्या क्षारांना गोडसर चव असते, म्हणून जनावर ते चाटत राहते. हेच शिसे लहान मुलांच्या पोटात गेले तर त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. तेव्हा हा प्रश्न नुसत्या अडगळीचा नाही.

कोणत्या वस्तूत काय असते?

१) ट्यूबलाईट व सी.एफ.एल. दिवे : यात थोडा पारा असतो. नळी फुटली की त्याची वाफ हवेत मिसळते. खोलीची दारे-खिडक्या उघडाव्यात. काचा झाडूने न लोटता जाड कागदाने गोळा कराव्यात.

२) जुना पेटीसारखा टी.व्ही. : याच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. तांब्यासाठी ती फोडू नये.

३) मोबाईल, कॉम्प्युटर : आतल्या पट्टीवर तांबे असते, थोडे सोनेही असते. ते काढण्यासाठी काही ठिकाणी पट्ट्या जाळतात, ॲसिडमध्ये बुडवतात. त्याचे विष काम करणाऱ्याच्या फुप्फुसात आणि ओढ्याच्या पाण्यात जाते.

४) मोटारीची केबल : हिच्यावरचे प्लास्टिक जाळले की आम्लाचा धूर निघतो आणि डायॉक्सिन नावाची अतिशय विषारी द्रव्ये तयार होतात. शिवाय जळालेल्या तांब्याला सोललेल्या स्वच्छ तांब्यापेक्षा भाव कमी मिळतो. म्हणजे धूरही आपल्याच घरात आणि तोटाही आपलाच. फडाजवळ जाळली आणि ठिणगी पाचटात गेली तर काय होईल, हे ऊसवाल्याला सांगायला नको.

कायदा काय म्हणतो?

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखाली ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली झाले व १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ साली ते बदलले. सध्याचे नियम २०२२ चे असून १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. यांच्या यादीत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. फ्रीज, टी.व्ही., मोबाईल, ट्यूबलाईट आणि सौर पॅनेलसुद्धा त्यात येतात.

नियमाचे मर्म असे, की ज्याने माल विकला त्यानेच त्याच्या शेवटाची सोय करायची. पूर्वी विकलेल्या मालाच्या वजनाच्या ठराविक टक्के मालाचे पुनर्चक्रीकरण कंपनीने नोंदणीकृत कारखान्याकडून करून घ्यावे लागते. हे प्रमाण २०२३-२४ व २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के ठरले आहे. ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपण चिपाडापासून वीज, मळीपासून अल्कोहोल, प्रेसमडपासून खत करतो. तसेच हे.

ज्या संस्थेकडे वर्षात केव्हाही यादीतील हजार किंवा अधिक नग वापरात असतील, ती 'मोठी ग्राहक' ठरते. तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत घटकांकडेच दिला पाहिजे. त्यामुळे साखर कारखान्यांनी आपल्या ऑफिसातील व कॉलनीतील नग एकदा मोजून घेणे शहाणपणाचे आहे.

बॅटरीचे नियम वेगळे आहेत, तेही २०२२ चेच. त्यात मात्र तुमच्या-आमच्यासारख्या साध्या ग्राहकावरही जबाबदारी आहे : जुनी बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नाही आणि ती गोळा करणाऱ्या वा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच द्यायची.

मग आपण काय करायचे?

• नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या. घरी फोडू नका, ॲसिड ओतू नका.

• केबल कधीही जाळू नका. सोलून किंवा आहे तशी विका.

• टी.व्ही., फ्रीज घेताना दुकानदाराला विचारा, "जुना माल कंपनी परत घेते का?" विचारणारे वाढले की सोयही वाढते.

• फ्रीजची नळी कापू नका, आतला वायू हवेत जातो.

• सौर पंपाचे पॅनेल फुटले तर पुरवठा करणाऱ्या कंपनीला कळवा. बांधावर टाकू नका.

• मोबाईल देण्यापूर्वी सिमकार्ड काढा, आतली माहिती पुसा.

• घेणारा नोंदणीकृत आहे का, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत पाहता येते. गावातील शिकलेल्या मुलांना हे काम सांगा.

एकट्याच्या घरातील दोन वस्तूंसाठी कुणी गाडी पाठवणार नाही, हे खरे. पण गटातील शे-दोनशे घरांचा माल एका दिवशी एका ठिकाणी जमला तर गाडी येईल. सहकाराने आपण ऊस एकत्र केला, दूध एकत्र केले. हंगाम नसताना प्रत्येक गटात असा एक दिवस ठरवावा, असा विषय सभासदांनी वार्षिक सभेत जरूर मांडावा.

तोपर्यंत एवढे तरी करू या. आज संध्याकाळी गोठ्यामागे एक चक्कर मारा. जुनी बॅटरी पडलेली दिसली तर ती उचलून जनावरांच्या आणि पोरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.