डोळे चुरचुरतात? मेडिकलमधून ड्रॉप घेताना आधी घटक वाचा



हरभऱ्याची मळणी सुरू झाली आणि डोळ्यांच्या तक्रारीही. वाळू गेल्यासारखं टोचतं, संध्याकाळी चुरचुरतं, मध्येच पाणी येतं. "पाणी येतंय, मग डोळा कोरडा कसा?" असं एका काकांनी फोनवर विचारलं. अश्रूंचा थर नीट टिकला नाही की डोळा टोचतो, टोचला की पाणी सोडतो. पण ते पाणी गालावर ओघळतं, डोळ्यावर थर धरत नाही.

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. पण फवारणीचं औषध घेताना नाव नको, घटक बघा, असं मी कायम सांगतो. इथंही तेच.

*हे घटक चालतात:* कार्बोक्सीमिथाईल सेल्युलोज (०.५ टक्के हलकं, १ टक्का घट्ट), हायप्रोमेलोज, सोडियम हायलुरोनेट, पॉलिएथिलिन ग्लायकॉल. हे फक्त ओलावा धरतात. सुरुवात हलक्यापासून करा. जेल रात्री झोपताना, कारण थोडा वेळ धूसर दिसतं. जेल घालून गाडी चालवू नका.

दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर 'प्रिझर्व्हेटिव्ह फ्री' मागा. बाटली टिकावी म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराईड सारखं गेलं तर डोळ्यालाच त्रास देतं. थोडं महाग पडेल, पण तिथं काटकसर नको.

*हे नको:* डोळ्याची लाली घालवणारे नॅफाझोलिनचे थेंब. लाली तेवढ्यापुरती जाते, सारखे वापरले तर पुन्हा वाढून येते.

आणि खरी भीती पुढे आहे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावं दिसली तर ते स्टिरॉइड आहे. माझ्या वडिलांना एका दुकानातून असेच थेंब मिळाले होते. एका दिवसात बरं वाटलं, म्हणून ते महिनाभर घालत राहिले. मी बाटली वाचली तेव्हा कळलं. नशीब, डोळ्याचा दाब वाढला नव्हता. स्टिरॉइडने दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होतो. त्यात गव्हाचं कुसळ, उसाचं पान किंवा काडी लागलेली असेल तर बुबुळावर बुरशी धरते, आणि स्टिरॉइड घातलं की ती जोमाने पसरते. नंतर फूल पडतं, नजर जाते. म्हणून *काही लागून डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, कमी दिसत असेल, पांढरा ठिपका किंवा पू दिसत असेल तर ड्रॉप शोधत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.* मध, दूध, कांद्याचा रस यातलं काहीही घालू नका.

फवारणीचं औषध डोळ्यात उडालं तर स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटं धुवा, मग डबा किंवा लेबल घेऊन दवाखाना गाठा. तिथं हे ड्रॉप कामाचे नाहीत.

घालताना हात साबणाने धुवा, एकच थेंब, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. फोडल्याची तारीख बाटलीवर लिहा, बहुतेक बाटल्या महिन्याने टाकायच्या असतात. एक बाटली घरात सगळ्यांनी वापरायची नाही. मळणीवर साधा बंद चष्मा लावला तर ड्रॉपची गरजच कमी पडेल. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर तपासून घ्या.

लेबल इंग्रजीत असतं. वाचता आलं नाही तर फोटो काढून मला पाठवा, घटक वाचून सांगतो.

– आपला कृषी सल्लागार